नेकुदोत, मेथिल आणि न दिसणारा उजेड

सेफेर तोरा उघडला की त्यात नुसती व्यंजने दिसतात. नेकुदोत त्यात नसतात. वाचणारा हझान आधी घरी छापील पुस्तकावरून तयारी करतो, कारण त्या पुस्तकात अक्षरांच्या खाली-वर ठिपके आणि रेघा दिलेल्या असतात, आणि मगच तो सेफेरपुढे उभा राहतो. दालेत, बेत आणि रेश ही तीन अक्षरे ओळीने आली तर ती 'दावार' वाचायची की 'देवेर', हे ठिपक्यांवरून ठरते. पहिल्याचा अर्थ शब्द किंवा गोष्ट, दुसऱ्याचा अर्थ मरीची साथ. अक्षरे तीच, क्रम तोच. अर्थ मात्र एका टोकाचा दुसऱ्या टोकाला जातो.

माणसाच्या शरीरातही अशीच एक पोथी आहे आणि तिच्या अक्षरांवरही खुणा आहेत. त्या खुणांविषयी हल्ली अमेरिकेत फार बोलले जाते. न्यू जर्सीतला मुलगा किंवा कॅलिफोर्नियातली सून फोनवर सांगते, "आई, एक तपासणी आहे, लाळ पाठवली की तुमचे शरीर किती वर्षांचे आहे ते कळते." दुसरा कोणी सांगतो की नुसता उजेड टाकून कर्करोग ओळखणारे यंत्र निघाले आहे. आपल्या वयाच्या माणसांनी यातले किती खरे मानायचे? त्यासाठी आधी या खुणा काय असतात आणि उजेडाने त्या पाहता येतात का, हे समजून घ्यावे लागेल. विषय रसायनशास्त्राचा आहे, पण वाचकहो, घाबरू नका. आम्ही सूत्रे लिहिणार नाही.

पोथीचे नाव डीएनए. तिच्यात अक्षरे चारच: ए, टी, सी आणि जी. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन प्रती आपल्याला मिळतात आणि प्रत्येक प्रतीत सुमारे ३ अब्ज अक्षरे असतात. डोळ्याच्या पेशीत जी पोथी आहे तीच यकृताच्या पेशीत आहे. मग डोळा डोळाच का राहतो आणि यकृत यकृतच का? कारण प्रत्येक पेशी पोथीतली आपल्या कामाची पाने वाचते आणि बाकीची मिटून ठेवते. कोणती पाने मिटायची हे ठरवणाऱ्या गोष्टी अनेक आहेत. त्यांपैकी एक म्हणजे 'सी' या अक्षरावर बसवलेली एक बारीकशी टोपी. ती एका कार्बनची आणि तीन हायड्रोजनची असते. रसायनशास्त्रात तिला मेथिल गट म्हणतात आणि ती बसवण्याच्या क्रियेला मेथिलेशन. ही टोपी बहुधा जिथे 'सी'च्या लगेच पुढे 'जी' येतो तिथे बसते. अशा सुमारे २ कोटी ८० लाख जागा आपल्या पोथीत आहेत आणि बहुतेक पेशींत त्यांतल्या ७० ते ८० टक्के जागांवर टोपी असते. एखाद्या जनुकाच्या तोंडाशी अशा टोप्या दाटीने बसल्या तर ते जनुक सहसा गप्प होते.

नेकुदोतची उपमा इथे थोडी ताणली जाते, हे कबूल केले पाहिजे. नेकुदोत कसे वाचायचे ते सांगतात. मेथिलची खूण बहुतेक वेळा 'हे वाचू नको' असे सांगते. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे: खूण काढली किंवा घातली तरी मूळ अक्षर बदलत नाही.

आपल्या समाजात डीएनएची चर्चा झाली ती वेगळ्या कारणाने. २०१६ साली न्यू यॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठ आणि तेल अवीव विद्यापीठ येथील संशोधकांनी बेने इस्राएल लोकांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यात मध्यपूर्वेतील ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वंशांश सापडल्याचे सांगितले. तो अभ्यास अक्षरांचा होता, खुणांचा नव्हे. नावगावच्या किनाऱ्याची गोष्ट अक्षरांत शोधता येते, कारण अक्षरे बापाकडून मुलाकडे जशीच्या तशी उतरतात. खुणांचे तसे नाही. गर्भ राहिल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बहुतेक खुणा पुसल्या जातात आणि पुन्हा नव्याने घातल्या जातात.

गर्भातली ही पुसापुस उलगडण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे ते दोघे जेरुसलेमचे: हिब्रू विद्यापीठातील अहरोन राझिन आणि हॉवर्ड सीडर. सीडर यांचा जन्म १९४३ चा, न्यू यॉर्कचा. वैद्यकी तिथेच शिकून ते इस्रायलला आले. मेथिलची खूण नेमकी कुठे आहे हे ओळखण्यासाठी त्यांनी एका विशेष कात्रीचा उपयोग केला. जंतूंमध्ये अशी एन्झाइमे असतात की ती डीएनए ठराविक अक्षरांवरच कापतात. त्यांतले एक टोपी असेल तिथे कापत नाही. त्याचाच एक जोडीदार टोपी असो वा नसो, कापतोच. दोघांनी कापलेले तुकडे शेजारी ठेवले की कुठे टोपी होती ते कळते. ही युक्ती त्यांनी १९७९ साली वापरली. पुढे २००८ साली दोघांना वुल्फ पारितोषिक मिळाले आणि २०१६ साली अमेरिकेतील गॅरी फेल्सनफेल्ड यांच्याबरोबर कोलंबिया विद्यापीठाचे हॉर्विट्झ पारितोषिकही. राझिन २०१९ मध्ये वारले.

पण सुरुवात त्याही आधीची आणि ती अमेरिकेतली. १९४८ साली न्यू यॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रोलिन हॉचकिस हे वासराच्या थायमस ग्रंथीतून काढलेल्या डीएनएचे घटक कागदावर वेगळे करीत होते. शाईचा डाग ओल्या कागदावर पसरतो आणि त्यातले रंग वेगवेगळ्या अंतरावर थांबतात, तशीच ही पद्धत. चार घटकांच्या चार डागांशिवाय आणखी एक पुसटसा डाग 'सी'च्या जवळ उमटला. टोपी घातलेला 'सी' तो हाच. त्याचा उपयोग काय हे मात्र पंचवीस वर्षांहून अधिक काळ कोणाला कळले नाही. १९७५ साली कॅलिफोर्नियातील सिटी ऑफ होप या संस्थेत आर्थर रिग्ज यांनी आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हॉलिडे आणि प्यू यांनी असे सुचवले की या खुणा जनुके चालू-बंद करीत असाव्यात आणि पेशीचे विभाजन होताना नव्या प्रतीवरही उतरवल्या जात असाव्यात. चांगला सोफेर जुन्या सेफेरवरून नवा उतरवताना अक्षराचा मुकुटसुद्धा सोडत नाही, तसे.

सिटी ऑफ होपविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९१३ साली लॉस एंजेलिसमधल्या ज्यूंनी क्षयरोग्यांसाठी पैसे जमवून ड्वार्टे गावात दोन तंबू ठोकले. त्यातून ही संस्था उभी राहिली. आणि हेच रिग्ज पुढे माणसाचे इन्सुलिन जंतूंकडून तयार करून घेण्याच्या कामात होते. आपल्यापैकी जे रोज सकाळी सुई घेतात त्यांच्याशी त्यांचा संबंध मेथिलपेक्षा जवळचा आहे.

आता या खुणांत कर्करोगाचा संबंध कुठे येतो ते पाहू. १९८३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये अँड्र्यू फाइनबर्ग आणि बर्ट वोगेलस्टाइन यांनी आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी आणि त्याच रोग्याच्या निरोगी पेशी यांतले डीएनए शेजारी ठेवून पाहिले. कर्करोगाच्या पेशींत अनेक जनुकांवरच्या टोप्या कमी झालेल्या होत्या. पुढच्या वर्षांत उलट गोष्टही दिसून आली: एकूण टोप्या कमी होतात, पण गाठ वाढू न देणाऱ्या काही जनुकांच्या तोंडाशी त्या नको तितक्या दाटतात. थोडक्यात, पोथीभर ठिपके गळतात आणि नको त्या ओळीवर मात्र शाई सांडते. हे दोन प्रकार वाचकांनी लक्षात ठेवावेत, कारण इन्फ्रारेड उजेडाला काय दिसते आणि काय दिसत नाही हे त्यांवरच अवलंबून आहे.

तर आता उजेडाकडे वळू. शेगडीत कोळसे लाल होण्यापूर्वीच हाताला ऊब लागते. तो उजेडच असतो, पण लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा. शाळेच्या पुस्तकात त्याला अवरक्त म्हणतात, बाजारात इन्फ्रारेड. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली इंग्लंडमध्ये लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवला. लालच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथला पारा सर्वांत वर गेला.

पदार्थाचे अणू एकमेकांना जणू स्प्रिंगने जोडलेले असतात आणि त्या स्प्रिंगा सतत थरथरत असतात. प्रत्येक जोडीची थरथरण्याची गती ठरलेली. त्या गतीशी जुळणारा इन्फ्रारेड उजेड आला की ती जोडी तो गिळते, बाकीचा पलीकडे जाऊ देते. पलीकडे कोणता उजेड कमी पोचला हे मोजून कागदावर रेघ काढली की खळगे आणि शिखरे दिसतात. त्या रेघेला वर्णपट म्हणतात. प्रत्येक पदार्थाचा वर्णपट वेगळा. मोठ्या डेअरीत दूध आले की त्यात स्निग्धांश किती आणि प्रथिने किती हे हल्ली अशाच यंत्राने मिनिटभरात पाहतात. भेसळही बऱ्याचदा त्यातच पकडली जाते. पूर्वी दूधवाल्याशी भांडण झाले की लॅक्टोमीटर दुधात बुडवून पाहत, त्याचा हा शहाणा नातू म्हणावा.

हे शास्त्र अमेरिकेत रुजवले विल्यम कोब्लेन्ट्झ यांनी. कॉर्नेल विद्यापीठात बसून त्यांनी शंभराहून अधिक पदार्थांचे वर्णपट एकेक बिंदू डोळ्यांनी वाचून टिपले आणि ते १९०५ साली प्रसिद्ध झाले. कोणत्या अणूंचा गट कुठे उजेड गिळतो याची ती पहिली भरवशाची यादी. मेथिल गट कुठे दिसतो हेही त्यात होते. दुसऱ्या महायुद्धात कृत्रिम रबराच्या कारखान्यांना ही यंत्रे हवी झाली आणि तेव्हापासून ती प्रयोगशाळांतून सर्रास दिसू लागली.

आजच्या यंत्राचे काळीज मात्र आल्बर्ट मायकेलसन यांचे आहे. त्यांचा जन्म १८५२ चा, प्रशियातल्या एका ज्यू घरातला. लहानपणीच ते आईवडिलांबरोबर अमेरिकेत आले आणि कॅलिफोर्निया-नेव्हाडातील खाणींच्या गावांत वाढले. उजेडाचा किरण आरशाने दोन भागांत फोडायचा, दोघांना वेगवेगळ्या अंतरावर पाठवून परत एकत्र आणायचे आणि लाटा एकमेकींत कशा मिसळतात ते पाहायचे, हे त्यांचे उपकरण. १९०७ साली शास्त्राचे नोबेल मिळवणारे ते पहिले अमेरिकन. त्यांच्या हयातीत त्या मिसळलेल्या लाटांची आकडेमोड हाताने करणे फार कष्टाचे होते. १९६५ साली कूली आणि ट्युकी यांनी ती झटपट करण्याची रीत दाखवली, आणि संगणकाच्या जोरावर पूर्वी तासन् तास लागणारा वर्णपट मिनिटांत निघू लागला.

आता मुख्य प्रश्न. मेथिल गट इन्फ्रारेड उजेड गिळतो हे तर कोब्लेन्ट्झच्या काळापासून माहीत आहे. एका सेंटिमीटरात साधारण २९६० आणि २८७० लाटा बसतात अशा उजेडाजवळ त्याच्या खुणा उमटतात. मग डीएनएवर उजेड टाकला आणि तिथले शिखर मोजले की टोप्या किती ते कळायला नको का?

इथेच सगळी गोम आहे. डीएनएमधला 'टी' हे अक्षर जन्मतःच टोपी घालून येते. तीच मेथिलची टोपी आणि अक्षराच्या अंगावर जागाही तीच. माणसाच्या डीएनएत शंभर अक्षरांमागे सुमारे तीस 'टी' असतात. टोपी घातलेला 'सी' जेमतेम एक. कीर्तनाला तीस माणसे एका सुरात साथ देत आहेत आणि त्यांत एकच नवा माणूस त्याच सुरात गातो आहे असे समजा. तो आला की गेला हे मागच्या बाकावर बसलेल्याला कसे कळणार? शिवाय डीएनएच्या कण्यातली साखरही त्याच भागात उजेड गिळते, म्हणजे पेटीवालाही तोच सूर धरून बसला आहे. (टोपीवाल्या 'सी'चा आणखी एक खोडसाळपणा असा की तो कधीकधी झिजून चक्क 'टी' होतो. तेव्हा खूण राहत नाही, अक्षरच बदलते. कर्करोगात सापडणारे बरेच बदल अशाच जागांवर झालेले असतात.)

दुसरी अडचण पाण्याची. पाणी इन्फ्रारेड उजेड हावऱ्यासारखे पिते. म्हणून नमुना सुकवावा लागतो. पण डीएनए सुकले की त्याचा पीळ बदलतो. ओले डीएनए एका घडणीचे, कोरडे दुसऱ्या घडणीचे, हे लंडनमध्ये रोझलिंड फ्रँकलिन यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवले होते. पीळ बदलला की वर्णपटही बदलतो. प्रयोगशाळेतल्या हवेत त्या दिवशी दमटपणा किती, एवढ्यावरही रेघ हलते. ती हलली म्हणून टोप्या बदलल्या असे म्हणून चालत नाही. या बाबतीत आपल्या चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ साली कलकत्त्यात शोधलेली पद्धत सोयीची, कारण तिला पाण्याचा फारसा अडथळा होत नाही; पण तिचा इशारा फार क्षीण असतो.

म्हणून हुशार संशोधकांनी एका शिखराचा नाद सोडला. सगळी रेघच घ्यायची, तिच्यातले शेकडो बिंदू संगणकाला द्यायचे आणि दोन गटांतला फरक त्याला शोधायला सांगायचे. टोपी बसली की अक्षराच्या कड्याची थरथर किंचित बदलते, कण्यातल्या फॉस्फेटचीही बदलते. असे पाच-पन्नास बारीक फरक एकत्र केले की काही बोध होतो. तीस माणसांत एकतिसावा ऐकू येत नाही, पण त्याच्यामुळे सगळ्यांची लय जराशी हलली असेल तर ती नेहमी ऐकणाऱ्याला जाणवते.

डीएनएवर ही रीत अमेरिकेत गाजवली सिॲटलच्या डोनाल्ड मॅलिन्स यांनी, आणि तीही माशांवर. सिॲटल शहरातून डुवामिश नावाची नदी समुद्राला मिळते. कारखान्यांनी ती फार घाण केली होती. तिथे तळाशी राहणारा इंग्लिश सोल नावाचा चपटा मासा मिळतो, कोकणात ज्याला लेपी म्हणतात त्या जातीचा. मॅलिन्स यांनी घाण पाण्यातले आणि स्वच्छ खाडीतले असे दोन्हीकडचे मासे घेतले, त्यांच्या डीएनएतून इन्फ्रारेड उजेड पाठवला आणि १९९४ साली दोघांच्या वर्णपटांतला फरक प्रसिद्ध केला. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी हेच माणसाच्या स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या गाठींवर केले आणि निरोगी, साधी गाठ आणि कर्करोग असे तिन्ही डीएनए वर्णपटावरून वेगळे ओळखता येतात असे लिहिले.

त्या लेखांनी तेव्हा मोठी आशा निर्माण केली. आमच्या मते त्यांचे महत्त्व आजही आहे, पण दोन गोष्टी सांगायला हव्यात. मॅलिन्स शोधत होते ते डीएनएला झालेले घाव, मेथिलच्या टोप्या नव्हेत. रीत तीच, लक्ष्य वेगळे. आणि नमुने थोडे होते. थोड्या नमुन्यांवर संगणक फार चटकन शहाणा होतो: शेकडो बिंदूंतून कोणता ना कोणता फरक त्याला सापडतोच, मग तो रोगाचा असो की नमुना कोणत्या दिवशी सुकवला त्याचा. प्रोस्टेटची ती तपासणी दवाखान्यात कधी रुळली नाही.

खास मेथिलसाठी इन्फ्रारेड वापरणारे पुढे आले ते बरेचसे अमेरिकेबाहेर. इंग्लंडमध्ये लँकेस्टर विद्यापीठात २०११ साली इन्फ्रारेड आणि रामन या दोन पद्धतींची या कामासाठी तुलना झाली. ब्राझीलच्या काँपिनास विद्यापीठात मेल्लो आणि विदाल यांनी इन्फ्रारेड सूक्ष्मदर्शकाने डीएनएतल्या मेथिल गटांचा अभ्यास केला. अमेरिकेत जोर राहिला तो ऊतींच्या चित्रांवर. मेरीलँडमधील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत आयरा लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी १९९५च्या सुमारास असा कॅमेरा जोडला की ज्याच्या प्रत्येक टिंबाला स्वतःचा वर्णपट मिळतो. तिथूनच काम सुरू केलेले रोहित भार्गव, जे दिल्लीच्या आयआयटीत शिकले, आज इलिनॉय विद्यापीठात गाठीचा काप रंग न लावता वाचण्याच्या मागे आहेत. बेर शेवा आणि दिमोनातील वाचकांना हेही सांगितले पाहिजे की बेन गुरियन विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ शाऊल मोर्देखाई यांनी अनेक वर्षे पेशी आणि रक्त इन्फ्रारेडखाली पाहून कर्करोग ओळखण्याचे प्रयोग केले आहेत. या सगळ्यांना दिसते ते पेशीचे एकूण चित्र: प्रथिने, चरबी, डीएनए, सगळ्यांची एक गोळाबेरीज.

आता मघाच्या दोन प्रकारांकडे परत येऊ. पोथीभर टोप्या गळणे हा गोळाबेरजेचा प्रश्न आहे. तो इन्फ्रारेड उजेडाला निदान तत्त्वतः तरी दिसू शकतो. एका विशिष्ट जनुकाच्या तोंडाशी टोप्या दाटणे ही पत्त्याची गोष्ट आहे, आणि पत्ता इन्फ्रारेड सांगू शकत नाही. तीन अब्ज अक्षरांतले कोणते, हे त्याच्या रेघेत लिहिलेलेच नसते. म्हणून आज रुग्णालयात पत्ता शोधायचा असेल तर रासायनिक युक्ती वापरतात. बायसल्फाइट नावाचे क्षार डीएनएवर टाकले की टोपी नसलेला 'सी' बदलतो, टोपीवाला तसाच राहतो. मग साधे वाचन करून कोणता टिकला ते पाहतात. हे १९९२ साली ऑस्ट्रेलियात मरियान फ्रॉमर आणि सहकाऱ्यांनी दाखवले. उजेडाच्या पद्धतीचे आकर्षण वेगळे आहे: क्षार नकोत, नमुना नष्ट होत नाही, काम मिनिटांत होते आणि यंत्र एकदा घेतले की दर तपासणीचा खर्च थोडा. अलिबाग किंवा पनवेलच्या एखाद्या दवाखान्याला ती परवडेल. एवढ्यासाठी तरी तिचा नाद सोडू नये असे आम्हाला वाटते.

खुणा मोजून माणसाच्या हाती काय लागते? दोन गोष्टी तरी खऱ्या लागल्या आहेत. एक औषध. मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम हा रक्त तयार न होण्याचा विकार बहुधा म्हातारपणी होतो. रोगी थकतो, त्याला वरचेवर रक्त द्यावे लागते. अझासायटिडिन हे औषध 'सी'चे सोंग घेऊन डीएनएत शिरते आणि टोपी बसवणाऱ्या एन्झाइमला पकडून ठेवते. लॉस एंजेलिसमध्ये पीटर जोन्स आणि शर्ली टेलर यांनी १९८० साली त्याचा हा गुण दाखवला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये या विकारासाठी त्याला मान्यता दिली. कोणाच्या घरी हे उपचार चालू असतील तर एवढे माहीत असावे की साधारण महिन्यातून सात दिवस सुया असतात आणि गुण दिसायला बरेचदा चार-सहा महिने जातात. पहिल्याच महिन्यात फरक नाही म्हणून औषध बंद करण्याचा विचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

दुसरी गोष्ट तपासणीची. अमेरिकेत कोलोगार्ड नावाची एक तपासणी २०१४ मध्ये मान्य झाली. शौचाचा नमुना डब्यात घालून टपालाने पाठवायचा; त्यात आतड्याच्या गाठीतून गळलेल्या डीएनएवर दोन विशिष्ट जनुकांच्या टोप्या शोधतात आणि न दिसणारे रक्तही. पत्ता शोधायचा असल्यामुळे यात इन्फ्रारेड कुठेच नाही.

राहिले ते वय सांगणारे घड्याळ. २०१३ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात स्टीव्ह होर्व्हाथ यांनी ३५३ ठराविक जागांवरच्या टोप्या मोजून माणसाचे वय काढून दाखवले. निम्म्या नमुन्यांत चूक साडेतीन-पावणेचार वर्षांहून कमी. शास्त्र म्हणून ही कमाल आहे. पण बाजारात काहीशे डॉलर घेऊन जे आकडे विकले जातात त्यांवरून कोणते औषध घ्यायचे किंवा सोडायचे हे आज कोणताही डॉक्टर ठरवू शकत नाही. ज्यांना आपले वय माहीत आहे त्यांनी ते पुन्हा विकत कशाला घ्यावे? आणि ही तपासणी कोणी 'इन्फ्रारेड उजेडाने' करून देतो म्हणाला तर ३५३ पत्ते त्याने कसे वाचले एवढे विचारावे.

न्यू यॉर्कच्या माउंट सायनाय येथील रेचेल येहुदा यांचा अभ्यासही अनेकांच्या कानावर आला असेल. शोआतून वाचलेले ३२ जण आणि त्यांची २२ मुले यांच्या रक्तात ताणाशी संबंधित एका जनुकावरच्या खुणा त्यांनी मोजल्या आणि दोन्ही पिढ्यांत फरक सांगितला. वर्तमानपत्रांनी 'दुःख रक्तातून उतरते' असे मथळे दिले. पण माणसे थोडी, फरक बारीक, आणि गर्भात बहुतेक खुणा पुसल्या जातात हे वर सांगितलेच आहे. ज्या घरात असे आईबाप असतात तिथे मुलांना जे ऐकायला आणि सोसायला मिळते त्यानेही मुलांच्या खुणा बदलू शकतात; रक्तातून उतरले की घरातून, हे एवढ्या अभ्यासाने ठरत नाही.

अमेरिकेतल्या कोलोगार्डचा हेवा करण्याचे इस्रायलमध्ये कारण नाही. कुपात खोलिम पन्नाशीनंतर शौचातील अदृश्य रक्ताची तपासणी देते. तिच्यात मेथिल नाही, इन्फ्रारेड नाही, नुसते रक्त शोधतात. पण ती वेळेवर केली तर आतड्याचा कर्करोग लवकर सापडतो आणि लवकर सापडलेला बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांनी करावी की नाही हे आपापल्या डॉक्टरांना विचारावे. बाकीच्यांच्या घरी ती नळी आली असेल तर ती औषधांच्या कपाटात पडून राहू देऊ नये. नमुना घ्यायला पाच मिनिटे लागतात आणि दवाखान्यात नेऊन द्यायला एक फेरी.